मुंबई-पुणे सोडून दुसऱ्या जिल्ह्यात स्थायिक होताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवृत्तीनंतर, किंवा घरून काम करण्याची मुभा मिळाल्यामुळे, मुंबई, ठाणे, पुणे येथून कोकणात, साताऱ्याकडे, नाशिक-कोल्हापूरसारख्या शहरात किंवा विदर्भात कायमचे राहायला जाण्याचा विचार करणाऱ्या कुटुंबांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. जागेचा भाव आणि अंगणातून दिसणारा देखावा यांबद्दल दलाल भरपूर सांगतात. ज्यांबद्दल ते फारसे बोलत नाहीत अशा पाणी, दवाखाना, जमिनीचे कागद आणि शेजार या गोष्टींवर येथे भर दिला आहे.

प्रदेश निवडताना पहिला विचार कशाचा करावा?

आपल्या घरातल्या साध्या, कामाच्या दिवसाचा. चार दिवसांच्या सुट्टीत आपल्याला समुद्र आवडतो की डोंगर, यावरून बारा महिन्यांचे राहणे ठरवता येत नाही. रोज सकाळी फिरायला सपाट रस्ता लागतो का, महिन्याची औषधे कोठून आणायची, घरात गाडी चालवणारे किती जण आहेत आणि दहा वर्षांनी किती असतील, संध्याकाळी माणसांत जायचे असते की एकटे राहणे मानवते, या प्रश्नांची उत्तरे घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळी लिहून काढावीत. नवरा-बायकोची उत्तरे पुष्कळदा जुळत नाहीत आणि हे घर घेण्याआधी कळणे केव्हाही बरे.

ज्यांचा दिवस वाचनालय, व्याख्यान आणि नाटक यांवाचून सुना जातो, त्यांनी आडगावातल्या बंगल्यापेक्षा जिल्ह्याच्या शहराचा विचार आधी करावा. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचे आहे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे, आणि वाईसारख्या छोट्या गावातही विश्वकोशाचे कार्यालय आहे. अशा गावांत बोलायला माणूस मिळतो. माझ्या मते साठीनंतर ही गरज वाढत जाते, आणि नेमकी तीच यादीत सर्वांत खाली लिहिली जाते.

जागा पाहायला कोणत्या दिवसांत जावे?

दोनदा जावे: एकदा जुलैत, एकदा मेच्या मध्यावर. डिसेंबरात महाराष्ट्रातला कोणताही प्रदेश राहण्याजोगा वाटतो, म्हणून डिसेंबरात पाहिलेल्या जागेचा व्यवहार लगेच करू नये.

जुलैत कोकणात गेल्यावर रस्त्यावरून घरापर्यंतची पायवाट कशी राहते, ओढ्यावरचा साकव किती वेळा पाण्याखाली जातो, वीज गेली की किती वेळाने येते आणि घरात कोणत्या भिंतीला ओल येते, हे सगळे एका मुक्कामात कळते. कोकणात पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो, त्यामुळे नैर्ऋत्येकडे उघडा सज्जा असलेले घर पावसाळ्यात निम्मे निकामी होते. जुन्या घरांच्या पडव्या उतरत्या आणि बुटक्या असतात त्या याच कारणाने. समुद्रालगत असाल तर खाऱ्या हवेने बिजागऱ्या, ग्रिल, वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा भाग आणि गाडीचा पत्रा किती लवकर गंजतो, हे शेजाऱ्यांच्या घरी बघून यावे.

मे महिन्यात एकच गोष्ट पाहायची: विहिरीचा तळ. विहीर पावसाळ्यानंतर काठोकाठ भरलेली दाखवून सौदा होतो. तीच विहीर १५ मेला पाहावी आणि त्या दिवसांत वाडीत टँकर येतो का, हे विकणाऱ्याला न विचारता पाणी भरणाऱ्या बाईंना विचारावे.

कोकणात एवढा पाऊस पडतो, मग पाण्याची टंचाई कशी?

कोकण किनाऱ्यावर वर्षाला साधारण अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तरीही एप्रिल-मेमध्ये अनेक वाड्यांना टँकरने पाणी द्यावे लागते. सह्याद्रीची धार आणि समुद्र यांत अंतर थोडे आणि उतार तीव्र, त्यामुळे नद्या आखूड आहेत आणि पडलेले पाणी पाहता पाहता खाडीला मिळते. वरचा जांभा दगड सच्छिद्र असल्याने पाणी मुरते खरे, पण ते टिकून न राहता उतारावरून झऱ्यांवाटे निघून जाते. खालच्या काळ्या पाषाणात पाणी साठायला जागा कमी असते. म्हणून सड्यावरच्या, म्हणजे उंच कातळपठारावरच्या, प्लॉटवरून समुद्र सुंदर दिसतो आणि पाणी मात्र बहुधा खालच्या वाडीतूनच चढवावे लागते.

अशा ठिकाणी घर बांधायचे असेल तर छपराचे पाणी साठवण्याची टाकी आराखड्यातच धरावी. नुसत्या बोअरवेलच्या भरवशावर राहू नये, आणि खाडीकाठच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते का, हे आवर्जून चाखून पाहावे.

वाई, पाचगणी, सातारा ही ठिकाणे जवळजवळच आहेत. हवामानात खरोखर फरक आहे का?

फार मोठा. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो; तेथून वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीत तो निम्म्याहूनही कमी होतो, आणि घाट उतरून वाईला आलात की एक हजाराच्या खाली जातो. त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला माण-खटावच्या पर्जन्यछायेत पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस समाधानाचा मानला जातो. तेव्हा जिल्हा निवडून पुरत नाही, सह्याद्रीपासून आपण किती पूर्वेला आहोत ते मोजावे लागते. हीच गोष्ट पुणे, नाशिक आणि कोल्हापूर जिल्ह्यांनाही लागू आहे. दमा किंवा सांधेदुखी असलेल्यांनी घाटमाथ्यावर घर घेण्यापूर्वी तेथे पावसाळ्यातले पंधरा दिवस राहून पाहावे. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, त्यामुळे तेथे बांधकामावर बंधनेही बरीच आहेत.

माझे वैयक्तिक मत विचाराल तर, मुंबईकर निवृत्त माणसाला वाई ते कऱ्हाड हा कृष्णाकाठचा पट्टा सर्वांत अधिक मानवण्यासारखा आहे: पाऊस मध्यम, भाजीपाला ताजा, पुणे हाकेच्या अंतरावर, आणि गावे अशी की पायी चालत बाजार करता येतो.

विदर्भातला उन्हाळा बाहेरच्या माणसाला सोसेल का?

सोसतो, पण दिवसाचा क्रम बदलावा लागतो. नागपूर, अकोला, चंद्रपूर येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत आणि काही दिवस त्याच्याही वर जातो. सकाळी दहाच्या आत बाहेरची कामे उरकणे, दुपारी दारे-खिडक्या बंद ठेवणे आणि संध्याकाळी सहानंतर पुन्हा घराबाहेर पडणे ही तिथली रीत आहे. शाळासुद्धा राज्याच्या इतर भागांनंतर, जूनच्या अखेरीस सुरू होतात. हवा कोरडी असल्याने वाळ्याचा किंवा साधा कूलर उत्तम चालतो. दमट कोकणात तोच कूलर बिनकामाचा ठरतो. मुंबईच्या घामाला कंटाळलेल्या काहींना हा कोरडा उन्हाळा उलट बरा वाटतो, आणि नागपूरची थंडी तर त्यांना मुंबईत कधी मिळालेलीच नसते. रुंद रस्ते, एम्ससह मोठी रुग्णालये आणि पुण्याच्या मानाने कमी भावातली घरे यांमुळे नागपूरचा विचार पुणेकर करत नाहीत याचे मला खरोखर आश्चर्य वाटते. मुंबई-नागपूर हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्यापासून अंतराची सबबही पूर्वीइतकी उरलेली नाही.

दवाखान्याची सोय कशी तपासावी?

या प्रश्नाला सर्वांत अधिक वेळ द्यावा, कारण शहराकडे परत जाण्याची वेळ बहुतेकांवर याच कारणाने येते. "जवळच दवाखाना आहे" हे वाक्य पुरेसे नाही. ताप-खोकल्याचा डॉक्टर, हृदयविकाराच्या झटक्यावर अँजिओप्लास्टी करणारे केंद्र आणि आठवड्यातून दोन-तीनदा लागणारे डायलिसिस, या तीन गोष्टींचे अंतर निरनिराळे असते. प्रत्येकाचे अंतर किलोमीटरमध्ये न मोजता, पावसाळी रात्री गाडीने लागणाऱ्या मिनिटांत मोजावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका त्या भागात कोठे उभी असते, तेही विचारून ठेवावे.

प्रत्येक प्रदेशाची आजारी माणूस नेण्याची एक ठरलेली वाट असते. सिंधुदुर्गातले गंभीर रुग्ण वर्षानुवर्षे गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात किंवा कोल्हापूरकडे नेले जातात. त्यामुळे सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग हा भाग या दृष्टीने देवगड किंवा विजयदुर्गापेक्षा सोयीचा आहे, जरी समुद्र देवगडचा अधिक देखणा असला तरी. सांगली-मिरजेचे तर सगळे नावच दवाखान्यांवर उभे आहे; मिरजेत १८९४ मध्ये मिशनचे रुग्णालय सुरू झाले आणि त्याभोवती डॉक्टरांची पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा तयार झाली. ज्यांच्या घरात जुनाट आजार आहे त्यांनी मिरज, कोल्हापूर, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा ठिकाणापासून तासाभराच्या आत राहावे. निरोगी माणसानेही सत्तरीनंतरचा हिशेब आजच मांडावा.

आरोग्य विमा असल्यास त्या भागातील कोणत्या रुग्णालयांत रोकडविरहित उपचार मिळतात, याची यादी जागा ठरवण्यापूर्वी विमा कंपनीकडून मागवावी.

आम्ही शेतकरी नाही. शेतजमीन घेऊन त्यावर घर बांधता येईल का?

महाराष्ट्र कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ याच्या कलम ६३ नुसार, शेतकरी नसलेल्या व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. आपल्या कुटुंबाची राज्यात कोठेही शेतजमीन असेल आणि सातबाऱ्यावर आपले नाव लागलेले असेल, तर तो उतारा शेतकरी असल्याचा पुरावा ठरतो. त्यामुळे गावच्या जमिनीवर वारस म्हणून नाव लावून घ्यायचे राहिले असेल, तर ते काम आधी करावे. नसल्यास अकृषिक, म्हणजे एनए झालेला भूखंड किंवा गावठाणातले घर हा सरळ मार्ग आहे. "नंतर एनए करून देऊ" या तोंडी आश्वासनावर एक रुपयाही देऊ नये.

सातबारा महाभूलेखच्या संकेतस्थळावर पाहता येतो, पण तो वाचता आला पाहिजे. "इतर हक्क" या रकान्यात कुळाचे नाव, बँकेचा बोजा, "कलम ४३ ला पात्र" (कूळकायद्याने मिळालेली, विक्रीवर बंधन असलेली जमीन) असा शेरा किंवा खाजगी वनाची नोंद असू शकते. भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे सरकारी अटींवर धारण केलेली, जमीन परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही. कोकणात एकेका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस सामाईक नावे आढळतात. त्यांपैकी तिघे मुंबईत, एक परदेशात आणि दोघे हयात नाहीत अशी स्थिती असते, आणि त्या प्रत्येकाची किंवा त्यांच्या वारसांची संमती लागते. म्हणून नुसता चालू सातबारा न पाहता जुने फेरफार (हक्कबदलाच्या नोंदी) काढून, तालुक्याच्याच ठिकाणी वकिली करणाऱ्या वकिलाकडून निदान तीस वर्षांचा शोध घ्यावा. गुंठ्यांत तुकडे पाडून विकल्या जाणाऱ्या शेतजमिनीला १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो. त्यातील नियमांत अलीकडे बदल झाले आहेत, तेव्हा व्यवहाराच्या दिवशी लागू असलेला नियम वकिलाकडून लेखी घ्यावा.

समुद्रालगतच्या जागेसाठी आणखी एक तपासणी आवश्यक आहे. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, नियमांखाली येतो आणि त्यातील बऱ्याच भागात नवे बांधकाम करता येत नाही.

पूर, दरड, भूकंप यांचा धोका कसा ओळखावा?

नदीकाठच्या शहरांसाठी जलसंपदा विभाग निळी (वारंवार येणाऱ्या पुराची) आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची) अशा दोन पूररेषा आखतो. आपली जागा त्यांच्या कोणत्या बाजूला आहे, हे नगरपालिकेत विचारावे. त्याहून सोपा पुरावा भिंतींवर मिळतो. सांगली-कोल्हापुरात २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी कोठवर चढले होते, हे प्रत्येक गल्लीतला माणूस हाताने दाखवतो, आणि चिपळुणात २२ जुलै २०२१ च्या पुराची पातळी कोणी विसरलेले नाही.

दरडीचा धोका उतारावरच्या वस्तीला असतो. माळीण (२०१४), तळीये (२०२१) आणि इर्शाळवाडी (२०२३) या तिन्ही दुर्घटना जुलै महिन्यातल्या, सततच्या पावसातल्या आहेत. डोंगर कापून सपाट केलेल्या प्लॉटवर, किंवा ज्याच्या डोक्यावर ताजा रस्ता खणला आहे अशा जागेवर, घर घेऊ नये. जागेचा भाव कितीही कमी असला तरी हे माझे स्पष्ट मत आहे.

कोयना परिसरात ११ डिसेंबर १९६७ रोजी आणि किल्लारीत ३० सप्टेंबर १९९३ रोजी मोठे भूकंप झाले. किल्लारीत सर्वाधिक माणसे दगड-मातीच्या जाड भिंतींखाली गेली, म्हणून जुना वाडा दुरुस्त करून राहायचे असेल तर आधी स्थापत्य अभियंत्याला दाखवावा.

आपल्या मूळ गावीच परत जावे का?

ज्यांचे घर, नाव आणि जाणेयेणे टिकून आहे त्यांनी जरूर विचार करावा. मात्र गणपती आणि शिमग्याला भेटणारे गाव हे वर्षभराचे गाव नव्हे. सणाला मुंबईहून आलेल्या माणसांनी भरलेली वाडी ऑगस्टच्या पावसात पाच-सहा म्हाताऱ्या माणसांची असते. शिवाय भावकीतले सामाईक घर असेल, तर कोण कोणती खोली वापरणार, दुरुस्तीचा खर्च कोण करणार आणि पुढे वाटणीत तो कसा धरणार, याचा लेखी करार सगळ्या हिस्सेदारांनी राजीखुशीने केल्याशिवाय त्यात पैसा घालू नये. गावाची ओढ खरी असते, आणि म्हणूनच ती हिशेबाच्या वादात खर्च होऊ नये असे वाटते.

घरून काम करणाऱ्यांनी काय पाहावे?

इंटरनेटची केबल प्रत्यक्ष त्या घरापर्यंत आली आहे का, आणि दुसऱ्या कंपनीचे मोबाइल जाळे त्याच खोलीत मिळते का, या दोन गोष्टी स्वतः तपासाव्यात. वीज महावितरणची असते. वळवाच्या पावसात झाडे तारांवर पडून ती तासन्‌तास जाऊ शकते, आणि ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि दापोलीकडच्या काही गावांत ती कित्येक दिवस आली नव्हती. इन्व्हर्टर आणि सौर पॅनेल यांचा खर्च घराच्या किमतीत धरूनच अंदाजपत्रक करावे.

मुलांच्या शाळेचे काय?

आठवीनंतरची सोय आधी पाहावी. प्राथमिक शाळा जवळपास सर्वत्र आहे, आणि जिल्हा परिषदेच्या काही शाळा फार चांगल्या आहेत. अडचण येते ती अकरावी-बारावी विज्ञानाच्या वेळी, जेव्हा मुलाला रोज तालुक्याला जावे लागते आणि शेवटची एसटी संध्याकाळी लवकर सुटते. मूल सध्या केंद्रीय मंडळाच्या शाळेत असेल, तर त्याच मंडळाची शाळा किती दूर आहे ते पाहून मगच जागा ठरवावी.

गावातले लोक आपल्याला सामावून घेतील का?

घेतात, पण वेळ लागतो आणि पुढाकार आपल्याला घ्यावा लागतो. ग्रामदेवतेची जत्रा, पालखी, हरिनाम सप्ताह यांत वर्गणी देऊन मोकळे होण्यापेक्षा पंगतीत वाढायला उभे राहिलेला माणूस लवकर ओळखीचा होतो. मानपानाचे क्रम ठरलेले असतात. ते बदलायला जाऊ नये. मतदार यादीत नाव आले की ग्रामसभेत बसण्याचा हक्क मिळतो, आणि पाण्याच्या, रस्त्याच्या प्रश्नांवर तेथे शांतपणे बोलता येते. आपल्या कुंपणामुळे पूर्वापार वहिवाटीची पायवाट बंद होत नाही ना, हे पहिल्याच महिन्यात पाहावे, कारण गावातली निम्मी वैरे अशा वाटांवरूनच सुरू होतात. मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलता आली नाही तरी चालते; तिची नक्कल करून बोलू मात्र नये.

गोव्यात स्थायिक व्हायचे असल्यास काय वेगळे आहे?

राज्य वेगळे असल्याने कागद वेगळे. तेथे सातबाऱ्याऐवजी एक-चौदाचा उतारा पाहावा लागतो, तेथील समान नागरी कायद्यामुळे विक्रीच्या व्यवहारात पती-पत्नी दोघांच्या सह्या लागतात, आणि २०२३ च्या कायद्याने शेतजमिनीच्या विक्रीवर तेथेही निर्बंध आले आहेत. बारा महिन्यांहून अधिक काळ राहणार असाल तर वाहनाची नव्याने नोंदणी करावी लागते.

खर्च खरोखर कमी होतो का?

घरभाडे, घरपट्टी आणि भाजी यांवरचा होतो. वाहन, इंधन, घराची देखभाल आणि शहरातल्या फेऱ्या यांवरचा वाढतो. एसटी दिवसातून दोनदाच येणाऱ्या गावात दुचाकी किंवा चारचाकी ही चैन राहत नाही, आणि कौलारू घराची दरवर्षी पावसाळ्यापूर्वी शाकारणी करावी लागते, ज्यासाठी माणूस मिळणे दिवसेंदिवस कठीण होत आहे. एक वर्ष भाड्याने राहून वहीत लिहिलेला खर्च हाच विश्वसनीय अंदाज.

शहरातले घर विकून जावे की ठेवून?

शक्य असेल तर पहिली दोन वर्षे ते भाड्याने द्यावे आणि नव्या ठिकाणी स्वतः भाड्याने राहावे. भाडेकरार नोंदणीकृत असावा, म्हणजे पत्त्याचा पुरावा म्हणून तो चालतो. या काळात मतदार यादीतला पत्ता नमुना ८ भरून बदलता येतो; आधार, शिधापत्रिका आणि बँकेतील पत्ता त्यानंतर बदलावा. निवृत्तिवेतनधारकांनी दरवर्षी नोव्हेंबरातला हयातीचा दाखला नव्या गावच्या बँकेतून किंवा मोबाइलवरून देता येईल, याची खात्री आधीच करून घ्यावी. दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे काढल्यावरही घरातल्या सर्वांना तेथेच राहावेसे वाटत असेल, तर शहरातले घर विकण्याचा निर्णय घ्यावा; आणि विकताना भांडवली नफ्यावरील कराबाबत सनदी लेखापालाचा सल्ला विक्रीखत करण्यापूर्वी घ्यावा, कारण नव्या घरात पैसे गुंतवून मिळणाऱ्या सवलतीला मुदतीची अट असते.